पाण्याचं डिस्टिलर आणि दारूची भट्टी: एकाच यंत्रात दोन्ही जमतं का?

बोअरवाला_९००

दवाखान्यात टेबलावरचा छोटा ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) आहे, त्याला रोज अडीच-तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर लागतं. घरी इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००च्या आसपास, त्यामुळे कॅन विकत आणण्याला पर्याय शोधतोय. ऑनलाइन दोन प्रकार दिसले.

पहिला: स्टीलचा ४ लिटरचा डबा, ७५० वॅट, झाकणात पंखा आणि वेटोळं, पुढच्या तोटीतून थेंब थेंब पाणी.

दुसरा: तांब्याचा १० लिटरचा हंडा, वर घुमटासारखी टोपी, वाकडी नळी, शेजारी बादलीत वेटोळं. गॅसवर ठेवायचा. जाहिरातीत लिहिलंय, "पाणी, गुलाबजल, सुगंधी तेल, ब्रँडी, सगळं एकाच भांड्यात".

प्रश्न असे. दोन्हीत वाफ करून थंडच करायची असेल, तर फरक नेमका कुठे? दुसऱ्यातून पाणी काढलं तर बिघडतं का? आणि उलट, पहिल्यात दारू का काढत नाहीत? (शेवटचा प्रश्न निव्वळ कुतूहल. कायदा माहीत आहे.) विजेचा हिशेबही कुणी मांडला तर बरं.

---

हिशेबी_मिस्त्री

फरक भांड्यात नाही, कामात आहे. पाण्याच्या डिस्टिलरमध्ये उडणारी वस्तू एकच, पाणी. क्षार, लोह, क्लोराइड तळाशी बसतात. म्हणजे वाफ कितीही जोरात निघाली तरी चालतं, फक्त तिच्याबरोबर पाण्याचे तुषार उडून जाता कामा नयेत. दारूच्या भांड्यात पाणी आणि अल्कोहोल दोन्ही उडतात आणि त्यांना वेगळं करायचं असतं. त्यामुळे आच, वाफेची वाट, थंड करायची पद्धत, धातू, मोजमाप, सगळंच बदलतं.

आधी वीज. २५ अंशाचं एक लिटर पाणी १००पर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल, त्याची वाफ करायला आणखी २२५७. एकूण २५७१, म्हणजे ०.७१ युनिट. ४ लिटरला २.८६. डब्याच्या भिंतीतून उष्णता जाते ती धरून ३ ते ३.२ युनिट पकडा. ७५० वॅटवर पहिला अर्धा तास एकही थेंब पडत नाही, पाणी नुसतं तापत असतं. त्यानंतर तासाला साधारण एक लिटर. चार लिटरला सव्वाचार ते साडेचार तास. जाहिरातीत "फास्ट" लिहिलेलं असलं तरी ७५० वॅटवर याहून जलद होणं शक्य नाही. जास्त वॅटेजचा डबा घेतला तर वेळ वाचेल, युनिट तेवढीच पडतील. युनिटचा तुमचा दर लावा आणि कॅनच्या भावाशी ताडून बघा.

दुसऱ्यातून पाणी काढणं: निघतं, पण ती बादली बघा. एक लिटर वाफेचं पाणी व्हायला २२५७ किलोज्यूल कुणीतरी शोषून घ्यायला हवी. दहा लिटरची बादली ३०वरून ८० अंशाला गेली तरी तिने घेतले जेमतेम २०९०. म्हणजे एक लिटर निघायच्या आधीच बादलीतून वाफा यायला लागतात आणि वेटोळ्यातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसते. मग नळाचं पाणी सतत सोडा: लिटरमागे २७-२८ लिटर, तेही ३०ला आत जाऊन ५०ला बाहेर पडलं तर. रोज तीन लिटरसाठी ऐंशी लिटर पाणी मोरीत. गॅसही लिटरमागे १०० ग्रॅमच्या पुढे जातो. हे भांडं थोड्या मालासाठी आहे. अर्धा-पाऊण लिटर गुलाबजल काढायचं असेल तर ती बादली पुरते, म्हणून तिचा आकार तेवढा.

दुसरी अडचण तांबं. ताजं डिस्टिल्ड वॉटर भुकेलेलं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून ते किंचित आम्ल होतं, सामू साडेपाच-सहापर्यंत उतरतो, आणि गरम तांब्याच्या वेटोळ्यातून जाताना तांबं उचलतं. वेटोळ्याच्या टोकाला निळसर-हिरवी कड धरलेली दिसली की समजायचं. बॅटरीच्या पाण्यात लोह, तांबं आणि क्लोराइड हेच नको असतात, कारण त्यांनी बॅटरी न वापरताच उतरते. बॅटरीच्या पाण्यासाठी आपल्याकडे आयएस १०६९ हे मानक आहे, त्यात अशा अशुद्धींच्या मर्यादा घातल्या आहेत. ऑटोक्लेव्हला तांब्याचे डाग पडतात ते वेगळंच.

पाण्यासाठी ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टील, नाहीतर बोरोसिलिकेट काच. घेताना झाकण उलटं करून बघा: वेटोळं स्टीलचंच आहे ना, की ॲल्युमिनियमचं. डबा स्टीलचा आणि वेटोळं ॲल्युमिनियमचं, असे नग बाजारात भरपूर आहेत. खाली ठेवायचं भांडं काचेचं घ्या. गरम पाणी पडत असतं, स्वस्त प्लॅस्टिकला वास लागतो.

---

हिशेबी_मिस्त्री

तिसरा प्रश्न राहिला. पहिल्या डब्यात दारू का नाही.

एक, त्याला आच कमी-जास्त करायची सोयच नाही. ७५० वॅट चालू किंवा बंद. बंद कधी होतो? तळ कोरडा पडला, तापमान उसळलं, की थर्मोस्टॅट तोडतो. म्हणजे यंत्राची रचनाच "शेवटच्या थेंबापर्यंत सगळं उडव" अशी आहे. वेगळं करणं हे त्याच्या कामात बसत नाही.

दोन, आणि हे जास्त गंभीर, पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारा भाग. हवा ३५ अंशाची धरा. पाण्याची वाफ १०० अंशाला, फरक ६५ अंशांचा. अल्कोहोलची वाफ ७८.४ला, फरक फक्त ४३. तेच वेटोळं, तोच पंखा, पण उष्णता फेकायची ताकद दोन तृतीयांशावर आली. वर ७५० वॅट पूर्ण येतच आहेत. उरलेली वाफ तोटीतून तशीच बाहेर. शुद्ध अल्कोहोलला वाफ व्हायला किलोमागे ८४० किलोज्यूलच लागतात, पाण्याला २२५७, त्यामुळे त्याच आचेवर निघणारा मालही वजनाने अडीच पटीपेक्षा जास्त.

ती वाफ हवेपेक्षा दीडपट जड असते. ओट्यावरून खाली उतरते, जमिनीलगत पसरते. हवेत ३.३ ते १९ टक्के मिसळली की ठिणगीची वाट बघते. आणि डब्याच्या डोक्यावर काय आहे? चालू पंखा, उघडं वायरिंग, शेजारी बटण. पाण्याच्या डब्याला ज्वलनरोधक जोडणी कुणी देत नाही, कारण पाणी पेट घेत नाही. तोटीचा भाग आणि झाकणाची गास्केट गरम अल्कोहोलसाठी निवडलेली नसते हे आणखी एक.

---

कलम_६५

कायदा माहीत आहे असं धागाकर्ते म्हणतात, पण एक बारीक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) कलम ६५ फक्त दारू गाळण्यापुरतं नाही. दारू बनवण्याच्या हेतूने कच्चा माल, भट्टी, भांडी किंवा इतर साधनं बाळगणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. थेंबही काढला नाही, ही सबब त्यामुळे पुरत नाही. "घरापुरती", "विकायची नाही" अशी सूटही नाही.

पाणी किंवा गुलाबजल काढायचं यंत्र ठेवणं गुन्हा नाही. प्रश्न हेतूचा. "ब्रँडी काढा" असं छापलेल्या खोक्यातलं भांडं मागवून त्यात गुलाबजल काढणाऱ्याला कुणी पकडणार नाही कदाचित, पण शेजारी गूळ आणि आंबवलेलं पिंप सापडलं तर तेच खोकं पंचनाम्यात जातं.

देशागणिक हे बदलतं. न्यूझीलंडमध्ये १९९६पासून स्वतःपुरती गाळायला परवानगी आहे, विकायची असेल तर परवाना. अमेरिकेत घरी बिअर आणि वाइन करता येते, पण दारू गाळायला परवाना लागतो.

---

ऑकलंडचा_पाऊस

इथे न्यूझीलंडमध्ये हे उघड चालतं म्हणून दारूच्या यंत्राबद्दल चार गोष्टी लिहितो. कृती नाही, यंत्रच.

सर्वात मोठा गैरसमज: "पाणी १००ला उकळतं, अल्कोहोल ७८ला, म्हणून ८०वर धरून ठेवलं की फक्त अल्कोहोल येतं." असं होत नाही. दहा टक्के अल्कोहोलचं आंबवण ८०ला उकळतच नाही. ते ९२-९३ला उकळतं आणि त्याच्या वाफेत अल्कोहोल पन्नास टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी पाणी. अल्कोहोल कमी होत जातं तसं उकळणं १००कडे सरकतं. तापमान आपण ठरवत नाही, मिश्रण ठरवतं. आपल्या हातात फक्त किती वॅट द्यायचे एवढंच. म्हणून इथल्या यंत्रांना थर्मोस्टॅट नसतो, पॉवर कंट्रोलर असतो. थर्मोस्टॅट लावला तर उकळणं चालू-बंद होत राहतं आणि वेगळं होणं विस्कटतं.

दोन जाती. साधा हंडा: एकदा वाफ, एकदा थंड. चव सोबत येते, म्हणून फळांच्या आणि धान्याच्या दारूला हाच. आणि स्तंभ: हंड्यावर ५०-६० मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर उंचीचा पाइप, आत तांब्याची जाळी किंवा काचेच्या-स्टीलच्या कड्या. डोक्यावर थोडी वाफ थंड करून परत खाली सोडायची. खाली उतरणारा द्रव आणि वर चढणारी वाफ जाळीवर पुन्हा पुन्हा भेटतात, प्रत्येक भेटीत वाफ थोडी तीव्र होते. ही मालिका वजनी ९५.६ टक्क्यांवर थांबते, कारण तिथे द्रव आणि वाफ दोन्हींत प्रमाण सारखंच. पुढे ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही, कितीही उंच पाइप लावा. पाण्याच्या डिस्टिलरला स्तंभ लावून उपयोग शून्य, फार तर तुषार अडतील.

तांबं इथे मुद्दाम वापरतात. आंबवताना यीस्ट गंधकाची संयुगं सोडतं, कुजक्या अंड्यासारखा वास. गरम तांबं ती धरून ठेवतं, आतून काळं पडतं. सगळं स्टीलचं असेल तर वास मालात येतो. म्हणजे जो धातू पाण्याला नको तोच इथे हवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर हेच.

जोडांवर लक्ष. स्वस्त तांब्याच्या हंड्यांचे जोड शिशाचा डाग देऊन सांधलेले असू शकतात. अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही शिसं उचलतात. शिसेविरहित डाग किंवा चांदीचं ब्रेझिंग असल्याची विक्रेत्याकडून खात्री नसेल तर गुलाबजलासाठीसुद्धा नको. लवचीक पीव्हीसी नळी तर नकोच, गरम अल्कोहोल तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ ओढून घेतं. गास्केट पीटीएफईची (टेफ्लॉनची), किंवा सरळ कणकेचा लेप. हसू नका. कणीक सुकून घट्ट बसते, आणि आत दाब वाढला तर भांड्याआधी तीच फुटते.

दाबाबद्दल: वाफेच्या वाटेवर कुठेही झडप किंवा तोटी नको. बाहेरचं टोक कायम उघडं. फळांचा गर वर येऊन नळीत अडकला की हंडा बाँब होतो, म्हणून भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरत नाहीत. उघड्या गॅसवर तर नाहीच. विजेचं एलिमेंट, आणि मालाचं भांडं चुलीपासून लांब.

मोजमाप: अल्कोहोलमीटर २० अंशाला जुळवलेला असतो. ३५ अंशाच्या गरम मालात बुडवला तर चाळिशीच्या आसपास पाच-सहा टक्के जास्त दाखवतो. भारतातल्या उन्हाळ्यात हे रोजचंच.

---

कलम_६५

@ऑकलंडचा_पाऊस, "पहिला माल फेकला की विषारी मिथेनॉल जातं" असं सर्रास म्हणतात. खरं किती?

---

ऑकलंडचा_पाऊस

अर्धवट. मिथेनॉल ६४.७ला उकळतं, म्हणून आधी निघेल असं वाटतं. पण ते एकटं नसतं, भरपूर पाण्यात मिसळलेलं असतं आणि पाण्याची त्याच्यावर पकड घट्ट असते. ते थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. पहिला भाग फेकतात तो मुख्यतः ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटसाठी, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असतो तोच.

साखरेच्या किंवा गुळाच्या आंबवणात मिथेनॉल नगण्य बनतं. फळांतल्या पेक्टिनपासून थोडं बनतं. माणसं मरतात ती यामुळे नाही. २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती कारखान्याचं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. ते कुठल्याही घरगुती यंत्राने वेगळं करता येत नाही, आणि टीडीएस मीटरला तर ते दिसतच नाही. मीटर पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो. मिथेनॉल वीज वाहून नेत नाही. "शून्य टीडीएस म्हणजे शुद्ध" हे म्हणूनच फक्त क्षारांपुरतं खरं.

---

काजूबोंडू

गोव्याची भट्टी राहिलीच, आणि या सगळ्यात तीच वाचायला सोपी आहे.

काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवून रस काढतात. तो आंबला की भाणात, म्हणजे तांब्याच्या किंवा पूर्वी मातीच्या हंड्यात. भाणाच्या मानेतून नळो निघतो, तो लावणीत उतरतो. लावणी म्हणजे माल गोळा करायचं मडकं, आणि तेच कंडेन्सरसुद्धा: तिच्यावर सारखं पाणी ओतत राहायचं. वेटोळं नाही, पंखा नाही. जोड वारुळाच्या मातीने आणि फडक्याने बंद. हल्ली बऱ्याच ठिकाणी लावणीच्या जागी पाण्याच्या टाकीत तांब्याचं वेटोळं आलंय, त्याने माल वाया कमी जातो. पण जुनी माणसं म्हणतात की चव बदलते.

पहिल्या वेळी निघतो तो हुर्राक. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणात, तेव्हा फेणी. बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. ऑकलंडवाल्यांचा स्तंभ जे काम एका फेरीत करतो ते इथे दोन फेऱ्यांत होतं, आणि काजूचा वास उरतो. स्तंभाने ९५ टक्क्यांवर नेलं असतं तर काजू कुठला नि ऊस कुठला, ओळखू आलं नसतं.

पॉवर कंट्रोलर म्हणाल तर तो भट्टीवाल्याचा हात. धार जाड झाली की लाकूड मागे ओढायचं. लाकडं जास्त पेटली की रस फेसाळून नळ्यातून थेट लावणीत येतो, माल गढूळ होतो, तो परत भाणात घालण्यावाचून इलाज नाही. पाण्याच्या डब्यातही हेच होतं, फक्त फेस क्षारांचा असतो.

काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण "गोव्यात चालतं" याचा अर्थ कुणीही परसात भट्टी लावावी असा नाही. तिथेही अबकारी खात्याचा परवाना लागतो, आणि तो सिंधुदुर्गात आणून चालत नाही.

अवांतर: गुलाबजलासाठी तांब्याचं भांडं हवंच असेल तर उत्तर प्रदेशातल्या कनौजची पद्धत बघा. डेग (हंडा), बांबूचा चोंगा (नळी), भपका (माल गोळा करायचं भांडं), आणि भपका बुडवायला पाण्याची गच्ची, म्हणजे टाकी. लावणीचीच सख्खी बहीण.

---

राळ_आणि_रेझिन

सगळे भट्टीत रमलेत, मूळ गरजेकडे कुणी बघत नाही. रोज तीन लिटर, वर्षाला हजार-अकराशे लिटर. टेबलावरच्या ऑटोक्लेव्हच्या पाण्याला ईएन १३०६० या युरोपीय मानकात चालकतेची मर्यादा सेंटिमीटरला १५ मायक्रोसीमेन्स आहे, साधारण ७ पीपीएम (लिटरमागे ७ मिलिग्रॅम क्षार). त्याच्या आत यायला डिस्टिलेशनच लागतं असं नाही. आरओच्या मागे मिश्र रेझिनचं (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचं) कार्ट्रिज लावा.

हिशेब: एक लिटर मिश्र रेझिन साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने. ९०० पीपीएमचं बोअरचं पाणी थेट सोडलं तर २७-२८ लिटरमध्ये संपलं, परवडत नाही. आरओने ५० पीपीएमवर आणून सोडलं तर ५०० लिटर निघतात. रंग बदलणारं रेझिन घ्या, पारदर्शक नळकांड्यात, म्हणजे वापरलेला थर वर सरकताना दिसतो. तीन चतुर्थांश रंग बदलला की बदलायचं. आम्ल आणि कॉस्टिकने घरी पुन्हा तयार करायच्या भानगडीत पडू नका, मिश्र रेझिन आधी वेगळं करावं लागतं.

वीज जवळजवळ नाही, आवाज नाही, पाच तास थांबणं नाही. तोटा एकच: उभं राहिलेलं पाणी रेझिनमध्ये जंतू वाढवतं. सकाळी पहिला ग्लासभर सोडून द्या. ऑटोक्लेव्हमध्ये ते तसंही १२१ किंवा १३४ला जाणार आहे.

फक्त इन्व्हर्टर असता तर मी म्हटलं असतं कॅनच आणा. दोन-तीन महिन्यांनी लिटर-दोन लिटरसाठी यंत्र कशाला.

---

बोअरवाला_९००

सगळ्यांचे आभार. तांब्याचा हंडा रद्द. ओळखीच्या दुसऱ्या दवाखान्यात पहिल्या प्रकारचा स्टीलचा डबा पडून आहे, तो उसना आणून चालवून पाहिला, थेट बोअरच्या पाण्यावर. पहिल्या दिवशी ३ पीपीएम, आता चौथ्या दिवशी १८. तोटीतली कोळशाची पुडी कालच नवीन घातली. तळाशी पिवळट पांढरा कडक थर. यंत्र बिघडलंय का?

---

हिशेबी_मिस्त्री

यंत्र नाही बिघडलं. तीन संशयित आहेत, सोप्यापासून सुरू करा.

पुडी. नव्या कोळशात राख असते, ती पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पाण्यात उतरते. पुडी काढून एक फेरी चालवा. टीडीएस ३वर आला तर दोष तिचा. पुडी दोनदा उकळत्या पाण्यात पाच-पाच मिनिटं बुडवून, पिळून, मग लावा. ऑटोक्लेव्ह आणि बॅटरीसाठी पुडी मुळात लागतच नाही. ती वास आणि क्लोरोफॉर्मसारखे उडणारे पदार्थ धरते, ते पिण्याच्या पाण्याचं दुखणं.

तुषार. पुडी काढूनही १५च्या वर असेल तर पाणी फेसाळून वेटोळ्यात चढतंय. खुणेच्या वर भरता का? खुणेच्या दोन बोटं खाली भरा. कालचं उरलेलं दाट पाणी तसंच ठेवून वर नवीन ओतलंत तर फेस हमखास. ९०० पीपीएमचं चार लिटर पाणी म्हणजे दर फेरीला ३.६ ग्रॅम क्षार. चार दिवसांचे साडेचौदा ग्रॅम, जवळजवळ तीन चमचे, सगळे त्या डब्यात. हे फेसाळणार नाही तर काय.

मीटर. गरम पाणी मोजलंत का? खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा. मीटर ३४२ पीपीएमच्या मिठाच्या द्रावणात एकदा तपासा. शून्याजवळ स्वस्त मीटर एक-दोनने चुकतात, पंधराने नाही.

आता साफसफाई. डब्यात लिटरभर पाणी, ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व म्हणून किराणा दुकानात मिळतं). झाकण न लावता ते वाफाळेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, बंद करा, पाऊण तास तसंच. थर फसफसत सुटतो. नाही सुटला तर पुन्हा एकदा. टॉयलेट क्लीनर किंवा मिठाचं आम्ल अजिबात नको, क्लोराइडने स्टीलला टाचणीएवढे खड्डे पडतात आणि मग तिथून गंज. तारेची घासणीही नको. नंतर तीनदा विसळून, एक फेरी साध्या पाण्याची काढून फेकून द्या.

पुढे रोज: डबा कोरडा पडेपर्यंत चालवू नका. साडेतीन लिटर निघाले की बंद करा, टायमरचं सॉकेट लावा. तळाचं अर्धा लिटर गरम असतानाच ओता, क्षार अजून पाण्यात तरंगत असतात, निम्मे तसेच जातात. कोरडं पडलं तर ते तळाला भाजून चिकटतात, थर्मोस्टॅट तोडतो आणि मागचं लाल बटण दाबत बसावं लागतं. पहिलं शंभर-दीडशे मिली बाजूला काढा, वेटोळ्यातली धूळ आणि काल साठलेलं पाणी त्यात येतं.

---

राळ_आणि_रेझिन

बोअरच्या ऐवजी आरओचं पाणी त्या डब्यात घाला. दर फेरीला ३.६ ग्रॅमऐवजी ०.२ ग्रॅम. सफाई आठवड्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी. आणि त्यासाठी आरओ आणलाच तर रेझिनचं कार्ट्रिज त्याच्यामागे लावायला दोन फिटिंग आणि वीतभर पाव इंची नळी लागते, एवढंच म्हणतो.

---

बोअरवाला_९००

पुडी काढली, डबा साफ केला, आरओचं पाणी भरलं. गार झाल्यावर मोजलं: २ पीपीएम. रेझिनचं नळकांडं १० इंची घेऊ की २०?

---

राळ_आणि_रेझिन

१० इंची. जेमतेम लिटरभर रेझिन मावतं, तुमच्या वापराला पाच महिने जाईल. २० इंची घेतलंत तर दहा महिने तेच रेझिन ओलं पडून राहील, वर म्हटलेले जंतू तिथेच वाढतात. पाणी खालून वर सोडा, वरून खाली सोडलं तर ते एकाच बाजूने वाट काढतं आणि अर्धं रेझिन कोरं राहून जातं.